वेगळी चूल, एकच रेशन कार्ड आणि गॅसची सबसिडी

गॅसची सबसिडी चालू आहे का बंद झाली हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. माहेर धारूर तालुक्यातलं, सासर परभणीचं, आणि दोन्हीकडच्या लोकांचं ठरून गेलंय की आधारचं, बँकेचं, मोबाईलवरचं काही अडलं की हिला फोन लावायचा. मग एकच गोष्ट दहा जणांना दहा वेळा सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावी म्हटलं, आता कुणी विचारलं की लिंक पाठवून मोकळी.

तर उत्तर असं की चालू पण आहे आणि बंद पण आहे. तुमच्याकडं कनेक्शन कोणतं, कुणाच्या नावावर, आणि रेशन कार्डात तुमच्यासोबत अजून कोण कोण आहे, यावर सगळं आहे. गरीब किती आहात हा प्रश्न त्याच्या नंतर येतो, आणि खरं सांगू का, कधी कधी येतच नाही.

आधी साधं कनेक्शन. म्हणजे ज्यांनी डिपॉझिट भरून, शेगडी विकत घेऊन, आपलं आपण घेतलंय ते. त्यांची सबसिडी गेली. कधी गेली ते कुणाला नीट कळलंच नाही, कारण आजपासून बंद असं कुणी सांगितलंच नाही. २०२० च्या मे-जूनच्या सुमारास, लॉकडाऊन चालू होतं, जगात गॅसचे भाव पडले होते, तेव्हा सबसिडीचा हिशोब शून्यावर आला, पुढं भाव वर गेले तरी तो शून्य काही हलला नाही. २०२२ च्या जूनमधे सरकारकडून स्पष्ट झालं की आता सबसिडी फक्त उज्ज्वलावाल्यांना, म्हणजे गरीब घरातल्या बायकांना सरकारी योजनेतून कनेक्शन मिळालंय त्यांना. आमचे एक काका रिटायर मास्तर आहेत, ते अजून म्हणतात की मार्च २०१५ मधे ते गिव्ह इट अप, म्हणजे आपणहून सबसिडी सोडायचं, चालू झालं ना, तेव्हा बुकिंग करताना आपल्याकडून चुकून शून्य दाबला गेला आणि तेव्हापासून आपली सबसिडी गेली. काका, नाही हो. तुम्ही काहीच दाबलं नाही. सगळ्यांचीच गेली.

या साध्या कनेक्शनवाल्यांसाठी जे जुने नियम होते ते लोकांच्या डोक्यात अजून तसेच बसलेत म्हणून सांगते. सप्टेंबर २०१२ मधे वर्षाला ६ टाक्यांची मर्यादा आली, जानेवारी २०१३ मधे ती ९ झाली, २०१४ मधे १२. १ जानेवारी २०१५ पासून पैसे थेट खात्यात यायला लागले, पहल म्हणायचे त्याला. आणि १ जानेवारी २०१६ पासून नवरा किंवा बायको दोघांपैकी एकाचंही करपात्र उत्पन्न १० लाखांच्या वर असलं की सबसिडी नाही. करपात्र बरं का, एकूण पगार नाही, आणि दोघांचं मिळून पण नाही. आता जिथं सबसिडीच शून्य आहे तिथं या १० लाखाच्या नियमाचा कुणाला उपयोग, पण लग्नकार्यात चार नोकरदार बसले की अजून यावर वाद घालतात, म्हणून लिहिलं.

आता उज्ज्वला, कारण खरा पैसा इथं आहे.

ही योजना १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशात बलियाला सुरू झाली. तेव्हा पात्रता म्हणजे २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीत घर गरीब म्हणून आलेलं पाहिजे. आता २०११ नंतर ज्यांची लग्नं झाली, ज्यांच्या चुली वेगळ्या झाल्या त्या पोरी त्या यादीत असणार कशा? म्हणून नंतर ती दारं उघडत गेली. २०१८ मधे अनुसूचित जाती-जमाती, घरकुल योजनेवाले, अंत्योदय कार्डवाले, वनवासी, अति मागास असे गट घातले, आणि पुढं तर कुठलंही गरीब घर, यादीत असो नसो, लिहून द्या म्हणाले. ८ कोटी कनेक्शनांचं टार्गेट होतं, त्यातलं आठ कोटीवं कनेक्शन ७ सप्टेंबर २०१९ ला आपल्याच औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पंतप्रधानांच्या हातून दिलं. मराठवाड्यातून बायका गाड्या भरभरून गेल्या होत्या त्या कार्यक्रमाला. मग १० ऑगस्ट २०२१ ला उज्ज्वला २.० आली, तिच्यात पहिली टाकी आणि शेगडी दोन्ही फुकट. आधीच्या वेळी शेगडीचे आणि पहिल्या टाकीचे पैसे कंपनीनं कर्जाऊ दिलेले असायचे आणि ते सबसिडीतून कापून घ्यायचे, त्यामुळं बायकांना वाटायचं सबसिडी येतच नाही. येत होती, पण खात्यात येण्याआधीच हप्त्यात जात होती.

सध्याचे नियम साध्या भाषेत असे. कनेक्शन बाईच्याच नावावर. वय १८ पूर्ण. आणि त्या घरात कुणाच्याही नावावर, कुठल्याही कंपनीचं, घरगुती गॅसचं कनेक्शन आधी नको. हे तिसरं कलम वाचायला एकदम सरळ वाटतं, निम्मे फॉर्म त्याच्यावर आपटतात.

कारण घर म्हणजे काय? गॅसच्या कायद्यात, म्हणजे एलपीजीचा २००० सालचा जो कंट्रोल ऑर्डर आहे त्यात, व्याख्या दिलेली आहे. नवरा, बायको, बिनलग्नाची लेकरं आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले आईबाप, एका घरात राहणारे, एका स्वयंपाकघरात जेवणारे. म्हणजे लग्न झालेले दोन भाऊ, चुली वेगळ्या, तर घरं दोन. नियम सोळा आणे बरोबर आहे, आपल्याकडं पण असंच मानतात की, वाटणी झाली का नाही ते शेतावरून नंतर, आधी चुलीवरून कळतं. पण एजन्सीतल्या कॉम्प्युटरला तुमची चूल दिसत नाही. त्याला रेशन कार्ड दिसतं. रेशन कार्डात जेवढी मोठी माणसं तेवढ्यांचे आधार नंबर तो घेतो, आणि एकाच्या जरी आधारवर कनेक्शन निघालं की खल्लास, फॉर्म बाद.

आमच्या माहेरचंच सांगते. माझ्या चुलत्यांना आम्ही आबा म्हणायचो. कनेक्शन आबांच्या नावचं. आबा वारले त्याला बरीच वर्षं झाली, पण टाकी अजून त्यांच्याच नावानं येती, मेसेजही त्यांच्याच नावानं येतो, आणि गॅसवाला पोरगा अजून गल्लीत येऊन आबांच्याच नावानं हाका मारतो. काकू थोरल्या दादाकडं असतात, तो गॅस तिथं चालतो. धाकट्या दादाची चूल मागच्या खोलीत वेगळी झाली, तिथं गॅस नाही. धाकटी वहिनी पळाट्या-तुराट्या जाळती, पाऊसकाळात त्या ओल्या झाल्या की गोवऱ्या, आणि फुंकून फुंकून डोळे लाल. भाकरी चुलीवरचीच चांगली लागती हे सगळं पुण्यामुंबईच्या हॉटेलात बोलायला ठीक आहे. तिला विचारा सकाळी पाच वाजता.

तर ही वहिनी उज्ज्वलाला गेली. फॉर्म परत. का? तर तुमच्या घरात कनेक्शन आहे. कुणाचं? आबांचं. वहिनी मला फोनवर म्हणती, "ताई, माणूस गेलं तर त्याचं रेशन लगेच कमी केलं की यांनी, मग गॅसला आबा कसे जित्ते राहिले?" मला हसू पण आलं आणि काय बोलावं ते पण सुचेना.

याच्यात दोन कामं वेगवेगळी आहेत आणि लोक ती एकत्र करून गोंधळ घालतात.

पहिलं काम, आबांचं कनेक्शन घरातल्या बाईच्या नावावर करणं. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, जिच्या नावावर करायचं तिचं आधार, रेशन कार्ड, जुनं गॅसचं पुस्तक, आणि केवायसीचा फॉर्म. घरातल्या घरात वारसाला जातं ते. हे करायचं एवढ्यासाठी की उद्या टाकीचा काही अपघात झाला, विम्याचा विषय निघाला, तर मेलेल्या माणसाच्या नावचं कनेक्शन म्हणून हात वर करायला कुणाला जागा राहू नये. पण हे करून ते कनेक्शन उज्ज्वला होत नाही! साधं ते साधंच राहतं. उज्ज्वला म्हणजे नवीन कनेक्शन, ज्या घरात नव्हतं तिथं दिलेलं. काकूंना कुणीतरी सांगितलं होतं की नाव बदललं की उज्ज्वलाची टाकीमागं ३०० रुपये सबसिडी चालू होते. नाही होत.

दुसरं काम, धाकट्याचं रेशन कार्ड वेगळं काढणं. तहसीलच्या पुरवठा विभागात जुन्या कार्डातून नावं कमी करायची, मग नवीन विभक्त कार्ड. आपल्याकडं कार्डावर घरातल्या थोरल्या बाईचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून असतं, तर काकूंची सही लागते. आणि इथं घरातलं राजकारण सुरू होतं, की कार्ड वेगळं केलं तर आपलं धान्य कमी होईल का, पिवळं कार्ड राहील का केशरी होईल, लोक काय म्हणतील की म्हातारीला टाकलं. नियम दिल्लीत बसून लिहितात पण अडतो तो इथं, सासूच्या सहीवर.

बरं, चूल वेगळी, कार्ड वेगळं, सगळं झालं. मग गरिबीचं लिहून द्यावं लागतं, स्वयंघोषणापत्र. त्यात अमुक अमुक आमच्याकडं नाही असं सांगायचं असतं. घरात कुणी सरकारी नोकरीत नाही, कुणी इन्कम टॅक्स भरत नाही, प्रोफेशनल टॅक्स भरत नाही, कुणाची महिन्याची कमाई १० हजारांच्या वर नाही, तीनचाकी-चारचाकी गाडी नाही. इथपर्यंत ठीक. पुढं शेतीचं येतं. अडीच एकरांच्या वर बागायत आणि सोबत सिंचनाचं साधन असेल तर बाद. पाच एकरांच्या वर दोन हंगाम पिकणारी बागायत असेल तर बाद. साडेसात एकर जमीन आणि सिंचनाचं साधन असेल तर बाद. आणि किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजारांच्या वर असेल तरी बाद.

हे ज्यानं लिहिलं त्यानं बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली जमीन बघितलेली नाही हे मी लिहून देते. आमच्याकडं बोअर आहे, सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे, मोटर पण आहे, फक्त फेब्रुवारीनंतर पाणी नाही. कागदावर सिंचनाचं साधन. पंजाबातले साडेसात एकर आणि धारूरच्या माळावरचे साडेसात एकर एका मापात! आणि त्या ५० हजाराच्या मर्यादेचं तर काय सांगू, तीन-चार एकर कापूस-सोयाबीनवर पीक कर्ज घ्या, आकडा ५० हजारांच्या पुढं जातोच. म्हणजे ज्याच्या डोक्यावर कर्ज तो श्रीमंत. मी काही अर्थतज्ज्ञ नाही पण हे मला आजतागायत पटलेलं नाही. खोटं लिहून द्या असं मी कुणाला सांगत नाही, ती सही तुमची असते आणि नंतर तपासणीत निघालं तर कनेक्शन जातं. फक्त कलम नीट वाचा, कारण बरेच लोक वाचायच्या आधीच "आपल्याला शेत आहे, आपल्याला नाही मिळत" म्हणून घरी बसतात. शेत असणं हे कारण नाही. किती, आणि पाणी आहे का, हे कारण आहे. कोरडवाहू दोन-तीन एकरवाला सरळ बसतो.

मिळालं की किती मिळतं? २१ मे २०२२ पासून टाकीमागं २०० रुपये होते, ऑक्टोबर २०२३ मधे ३०० केले. वर्षाला आधी १२ टाक्यांपर्यंत होते, २०२५-२६ ला ९ पर्यंत आणले. टाकी म्हणजे १४.२ किलोची, ५ किलोची घेतली तर त्या हिशोबात कमी. आणि हे पैसे टाकी घेताना कमी होत नाहीत, पूर्ण पैसे आधी तुम्ही द्यायचे, मग खात्यात येतात. रोजंदारीवाल्या बाईला नऊशेच्या आसपास रुपये एकदम काढायचे म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी, मग भले ३०० परत येऊ दे. टाकी कोपऱ्यात रिकामी, वर कपड्यांची घडी, आणि चूल पेटलेली, असं चित्र कुठल्याही वस्तीवर बघायला मिळतं ते यामुळं.

आता राज्य सरकारचं, मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना. वर्षाला तीन टाक्या मोफत. २०२४ च्या जूनमधल्या बजेटात घोषणा, ३० जुलै २०२४ ला जीआर. कुणाला? एक, उज्ज्वलाच्या लाभार्थी बायका. दोन, लाडकी बहीण योजनेला पात्र असलेल्यांची कुटुंबं. लाडकी बहीण म्हणजे तुम्हाला माहितीच, वय २१ ते ६५, घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको.

अन्नपूर्णेच्या अटी मात्र बारकाईनं बघा. कनेक्शन बाईच्या नावावर पाहिजे. टाकी १४.२ किलोचीच. एका महिन्यात एकाच टाकीचे पैसे मिळणार. एका रेशन कार्डावर एकच लाभार्थी. आणि सगळ्यात वाईट अट, १ जुलै २०२४ नंतर वेगळं काढलेलं रेशन कार्ड चालणार नाही. ही अट का घातली ते कळतं, नाहीतर तीन टाक्यांसाठी सगळ्या महाराष्ट्रानं कार्डं फोडली असती. पण जिची चूल खरंच वेगळी झालेली आहे तिला काय? तिला नाही. योजना आली तेव्हा एजन्स्यांपुढं नवऱ्याचं नाव काढून बायकोचं घालायला ही गर्दी, आणि लाईनीत उभे नवरेच, कारण पुस्तक त्यांच्याकडं.

मोफत म्हणजे इथंही आधी पैसे द्यायचेच. उज्ज्वलावालीला केंद्राचे ३०० आणि राज्याचे ५३०, लाडक्या बहिणीला राज्याचेच ८३०. जीआरमधे टाकीचा भाव सरासरी ८३० धरलेला आहे. एप्रिल २०२५ मधे टाकी ५० रुपयांनी महागली, दिल्लीतच ८५३ झाली, आणि आपल्याकडं गावागणिक भाव थोडा वेगळा, तर वरचा फरक खिशातून. म्हणून "फुकट म्हणले आणि पैसे घेतले" असं गॅसवाल्या पोराशी भांडू नका, त्या बिचाऱ्याच्या हातात काही नसतं.

आता गंमत बघा. लाडकी बहीण योजनेला कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि त्यांची बिनलग्नाची लेकरं. अन्नपूर्णेला कुटुंब म्हणजे रेशन कार्ड. गॅसला कुटुंब म्हणजे एक स्वयंपाकघर. त्यामुळं आमच्या एकाच वाड्यात दोन्ही वहिन्यांना पंधराशे येतात, पण टाक्या मिळाल्या तर एकीलाच, आणि गॅस तर कागदावर आबांच्या घरात! तिन्ही नियम आपापल्या जागी बरोबर असतील, पण माणूस एकच आहे ना, तिनं कोणत्या कुटुंबात राहायचं?

पैसे येतात पण दिसत नाहीत, हा दुसरा मोठा रडगाण्याचा विषय. आमच्या मावशीचं उज्ज्वला आहे, रीतसर, पहिल्या खेपेचं. एक दिवस फोन, "बाई, मही सबसिडी कोण खायलंय बघ बरं." बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं, एक रुपया नाही. एजन्सीवाले म्हणतात आम्ही पाठवले, बँकवाले म्हणतात आले नाहीत. दोघंही खरं बोलत होते. झालं असं होतं की गावात कधीतरी कॅम्प लागला होता, कुणीतरी टेबल टाकून अंगठे घेऊन खाती उघडत होतं, मावशीनं पण उघडलं आणि विसरून गेली. आधारवर पैसे पाठवायचे म्हटलं की ते सगळ्यात शेवटी ज्या बँकेशी आधार जोडलं गेलं तिथं जातात, तुम्ही एजन्सीत कोणतं पासबुक दिलं होतं ते बघितलं जात नाही. मावशीचे पैसे त्या विसरलेल्या खात्यात शिस्तीत जमा होत होते. सगळे निघाले. मावशीनं त्याची पैठण वारी केली, आम्हाला चहासुद्धा नाही.

तर पैसे येत नसतील तर एजन्सीत भांडायच्या आधी आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे सरकारी पैशासाठी आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते, बघा, मोबाईल लिंक असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. आणि बँकेत "आधार लिंक आहे का" असं विचारू नका, ते हो म्हणतात, कारण केवायसीला आधार दिलेलं असतंच. "डीबीटीसाठी सीडिंग आहे का" असं विचारा, डीबीटी म्हणजे थेट खात्यात येणारे सरकारी पैसे.

मग केवायसी. उज्ज्वलावालीला दर आर्थिक वर्षात एकदा आधारचं बायोमेट्रिक करावं लागतं, नाहीतर सबसिडी अडकते. हे फुकट आहे, फुकट, फुकट. तालुक्याच्या एका ठिकाणी मावशीकडून केवायसीचे म्हणून पैसे मागितले आणि वर रबरी नळी घ्या म्हणून गळ्यात मारायला बघत होते, मी फोन स्पीकरवर ठेवायला सांगून पावती मागितली तेव्हा गप्प बसले. नळी पाच वर्षांनी बदलावी हे खरं आहे, पण ती गोष्ट वेगळी, केवायसी वेगळी.

अंगठ्याचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे. मावशी आयुष्यभर कापूस वेचत आणि ऊस तोडत आली. मी तिच्यासोबत गेले होते एकदा. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसला, ठेवला, लाल. मग तर्जनी, मग मधलं, मग डावा हात, पोऱ्यानं हात ओल्या कपड्यानं पुसायला लावला, केसांना लावून घ्या म्हणाला म्हणजे तेलकट होईल, तरी लाल. बोटांच्या टोकाला रेषाच राहिलेल्या नाहीत, कोयत्याच्या मुठीनं आणि पाचटानं घासून गुळगुळीत झालेत. मावशी माझ्याकडं बघून हसली, "एवढे दिवस कामाला चालले हे, आता पटायला नाहीत व्हय." शेवटी चेहऱ्यावरून केलं. कंपनीचं ॲप आणि सोबत आधारचं फेस आरडी ॲप, दोन्ही मोबाईलमधे टाकायचे, उजेडात बसवायचं, डोळ्यांची उघडझाप करायची, झालं. घरी बसून होतं हे, ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी एजन्सीत नेऊन त्यांची परेड करू नका.

ऊसतोडवाल्यांचा विषय राहिला. दिवाळी झाली की आमच्या भागातली निम्मी गावं रिकामी होतात, कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात, थेट मार्च-एप्रिलपर्यंत. उज्ज्वला २.० मधे स्थलांतरित मजुरांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणा चालते, हे चांगलं केलं, बऱ्याच जणांना माहिती नाही. पण पात्र असून काय उपयोग, गॅस गावाकडच्या घरात आणि माणसं फडात. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, शेगडी कोण नेतं? पाचट फुकट पडलेलं असतं, त्याच्यावरच भाकरी. मग वर्षात दोन-तीन टाक्या होतात, त्याच्यापुढं नाही, आणि मग वर बसलेले लोक म्हणतात लाभार्थी टाकी भरून घेत नाहीत. घरीच नाहीत तर भरतील कुठून! ५ किलोच्या दोन छोट्या टाक्या असा पर्याय उज्ज्वलामधे आहे, उचलून न्यायला बऱ्या, फॉर्म भरतानाच सांगावं लागतं. एजन्सीवाले आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

तक्रारीसाठी टोल फ्री नंबर १८००-२३३३-५५५, उज्ज्वलाचा १८००-२६६-६६९६. गॅस लीक असेल तर १९०६, तो तर भिंतीवरच लिहून ठेवा. फोन करताना गॅसचा १७ आकडी आयडी जवळ ठेवा.

धाकट्या वहिनीचं रेशन कार्ड आता वेगळं झालंय. काकूंनी सही केली, आधी आढेवेढे घेतले, मग केली. आबांचं कनेक्शन थोरल्या वहिनीच्या नावावर टाकायला दिलंय, तिला लाडक्या बहिणीतून तीन टाक्यांचं जमू शकतं कारण जुन्या कार्डात ती आहेच. धाकटीला ते नाही मिळणार, कार्ड १ जुलै २०२४ नंतरचं, पण उज्ज्वला मिळायला आता अडचण नाही, जमीन दीड एकर कोरडवाहू, कर्ज दादाच्या नावावर नाही. फॉर्म भरून ठेवलाय, फक्त एक रकाना कोरा आहे, १४.२ ची एक टाकी का ५ किलोच्या दोन. दादा म्हणतो मोठीच घे, यंदा तोडीला जायचंच नाही. वहिनी म्हणती, मुकादमाचा फोन येऊ दे, मग बोला.